नोकरी सांभाळून मोडी लिपी शिकता येईल का? आजोबांच्या पेटीतले कागद स्वतः वाचायचे आहेत.

येईल की. मीही नोकरी करतच शिकलो, आणि तेही चाळिशी उलटल्यावर. फक्त अख्खी पेटी वाचायची हे तूर्त डोक्यातून काढा. एकच कागद निवडा, आणि तो पेटीतला सर्वांत अलीकडचा असू द्या. इंग्रजी अमलातलं स्टँपवरचं खरेदीखत किंवा गहाणखत मिळालं तर उत्तम. पेशवाईतलं पत्र असेल तर ते कितीही खुणावलं तरी बाजूला ठेवा. त्यातलं वळण झरझर लिहिलेलं असतं, वर फारसी शब्दांची गर्दी.

बाराखडी दोन-तीन आठवड्यांत येते. भारत इतिहास संशोधक मंडळ, राज्याचं पुराभिलेख संचालनालय यांचे वर्ग होतात, ते जरूर करा. पण वर्ग संपल्यावर घरचा कागद उघडला की बहुतेकांचं अवसान गळतं आणि वही माळ्यावर जाते. कारण मोडीत आधी ओळभर आडवी रेघ ओढायची आणि तिला अक्षरं लटकवत जायचं अशी रीत. शब्द तोडलेले नाहीत, विरामचिन्हं नाहीत, ह्रस्व-दीर्घाचा भेद जवळजवळ नाही. अक्षरं ओळखू येतात, पण शब्द कुठे संपला ते कळत नाही.

यावर मला लागू पडलेला उपाय एकच: नक्कल. रोज तीन-चार ओळी, मूळ कागदाच्या फोटोवरून, जशाच्या तशा. अर्थ लागो न लागो. हात फिरला की लेखकाने लेखणी न उचलता कुठून कुठे वळवली ते समजतं, आणि नुसतं बघून न सुटलेलं जोडाक्षर लिहिताना सुटतं.

दुसरं म्हणजे, दस्तऐवजातला बराच मजकूर ठरलेला असतो. 'लिहून घेणार', 'लिहून देणार', 'कारणे', 'सदरहू', मग पूर्वेस अमका, पश्चिमेस तमका अशी चतुःसीमा. हा सांगाडा आधी पाठ करा. उरतात ती नावं, गावं, रकमा. तिथे घरचा सातबारा आणि जुने फेरफार शेजारी ठेवा. शेजाऱ्यांची आडनावं तुम्हाला बहुधा माहीतच असतात. आकडे देवनागरीच्या जवळचे आहेत. रुपयांपुढची एक उभी रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण.

असा एक दस्त पुरता लागला की दुसऱ्याला निम्मा वेळही लागत नाही. साधे दस्त न अडखळता वाचायला साधारण वर्ष धरा. मग मागे, म्हणजे पेशवाईतल्या कागदांकडे सरका. तिथे सुहूर सन ही जुनी कालगणना भेटेल, तीही अरबी संख्यांच्या नावांत लिहिलेली. उदाहरणार्थ 'इसन्ने सबैन मया व अलफ': दोन, सत्तर, शंभर आणि हजार, म्हणजे 1172. त्यात 599 मिळवले की 1771; पण सुहूर वर्ष मृगाला सुरू होतं, म्हणून हे वर्ष 1771-72 समजायचं. ही कोडी सोडवण्यात जी मजा आहे ती मला तरी शब्दकोड्यात कधी आली नाही.

2023 पासून कुणबी नोंदींच्या शोधामुळे मोडी वाचणाऱ्यांना भलतीच मागणी आहे. तुमच्या पेटीतला एखादा कागद दाखल्यासाठी किंवा कोर्टात लावायचा असेल तर शिकण्याची वाट बघू नका, अधिकृत जाणकाराकडून लिप्यंतर करून घ्या. तिथे आपलं हौशी वाचन चालत नाही.