तूट आली तर सही कोणाची?

प्रश्न : 2030 चे राष्ट्रकुल सामने अहमदाबादला होणार आहेत, 2036 च्या ऑलिम्पिकवरही भारताने दावा सांगितला आहे. उद्या मुंबईनेही असे काही अंगावर घेतले, तर पैसे आमच्या मालमत्ता करातूनच जाणार ना? आयोजकच सगळा खर्च का करत नाहीत?
— एक वाचक, मुलुंड

उत्तर : खर्च दोन प्रकारचा असतो आणि गोंधळ तिथेच होतो. पंच, खेळाडूंचे जेवणखाण, तात्पुरत्या गॅलऱ्या, उद्घाटनाचा सोहळा हे सारे तिकिटे, प्रायोजक आणि प्रक्षेपण हक्कांतून भागवता येते. 1984 च्या ऑलिम्पिकमध्ये लॉस एंजेलिसने बहुतेक जुन्याच मैदानांवर खेळ उरकले आणि वीस कोटी डॉलरहून जास्त शिल्लक टाकली. खड्डा पडतो तो नव्या बांधकामात. स्पर्धेची तारीख पुढे ढकलता येत नाही. त्यामुळे काम रखडले की शेवटच्या वर्षी ठेकेदार मागेल तो दर द्यावा लागतो. 2012 च्या ऑलिम्पिकसाठी लंडनची सार्वजनिक तरतूद बोली लावताना 2.4 अब्ज पौंड होती, 2007 मध्ये ती 9.3 अब्जांवर गेली. माँट्रियलचे 1976 चे कर्ज फिटायला 2006 उजाडले. त्यासाठी तंबाखूवर कर लावावा लागला.

म्हणून अंदाजपत्रकाआधी हमीपत्र, म्हणजे तूट कोण भरणार याचे लेखी वचन, वाचावे. 2028 च्या ऑलिम्पिकमध्ये तूट आलीच, तर पहिले 27 कोटी डॉलर लॉस एंजेलिस शहर देईल, पुढचे 27 कोटी कॅलिफोर्निया राज्य, आणि त्यावरचे सगळे पुन्हा शहर. म्हणजे वरची मर्यादा नाहीच! बॉस्टनच्या महापौरांनी 2015 मध्ये अशा हमीवर सही करायचे नाकारले आणि त्याच दिवशी शहराची बोली गुंडाळली गेली.

आमचे मत स्पष्ट आहे. नालेसफाई आणि इस्पितळे चालवणाऱ्या महापालिकेने अमर्याद हमी देऊ नये. द्यायचीच तर ठरावात रुपयांत आकडा लिहून द्यावी आणि त्यापुढचा भार राज्याने व आयोजन समितीने उचलावा. मेट्रो, रस्ते यांचा खर्च मात्र स्पर्धेच्या खात्यात दाखवू नये. ते तसेही लागणारच आहेत.

प्रश्न : वानखेडेवरच्या सामन्यांना पोलिस बंदोबस्त फुकट मिळतो का?
— एक वाचक, दादर

उत्तर : नाही, शुल्क आकारले जाते. घोडे अडते वसुलीत. सामना होऊन जातो, बिल मागाहून जाते आणि थकबाकी साचत राहते. 2023 मध्ये राज्य सरकारने हे दर घटवले, तेही 2011 पासून मागील तारखेने. त्याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात याचिका झाली. परवानगी देतानाच पूर्ण रक्कम किंवा बँक हमी घेतली, तर हा प्रश्नच उरणार नाही.

तुम्हाला पडताळायचे असेल तर पोलिस आयुक्तालयातील जनमाहिती अधिकाऱ्याकडे माहिती अधिकाराचा अर्ज करा. शुल्क 10 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस. ‘एकूण थकबाकी किती’ असे मोघम विचारू नका. एकच आकडा हाती येतो आणि तो ताडून पाहता येत नाही. सामन्याची तारीख, बिलाची रक्कम, भरणा झाल्याचा दिवस, बाकी, असा सामनानिहाय तक्ता मागा.