विहिरीत कारखान्याचं पाणी उतरलं तर : वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

औद्योगिक वसाहतींच्या शेजारच्या गावांतून पिण्याच्या पाण्याबद्दल आलेल्या पत्रांना या वेळी एकत्र उत्तरं देत आहोत. पत्र पाठवणाऱ्यांची, गावांची आणि कारखान्यांची नावं मुद्दाम छापलेली नाहीत. उत्तरं भूजल आणि पाणी-तपासणीच्या क्षेत्रातल्या जाणकारांची आहेत.

आमच्या बोअरच्या पाण्याला चार महिन्यांपासून पिवळट झाक आहे आणि हंड्याचं झाकण काढलं की औषधासारखा वास येतो. टीडीएस मीटरवर मात्र ४१० दाखवतं. ५०० च्या आत आहे म्हणजे पाणी चांगलं, असं सगळे म्हणतात. खरं का?

नाही. टीडीएस मीटर पाण्यातून वीज किती सहज वाहते ते मोजतं आणि त्यावरून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतं, एवढंच. पिण्याच्या पाण्यात क्रोमियमची मर्यादा लिटरला ०.०५ मिलिग्रॅम आहे, शिशाची ०.०१, पाऱ्याची ०.००१. एवढ्याशा फरकाने लिटरला ४१० मिलिग्रॅमचा आकडा हलत नाही. बेंझीनसारखी द्रावकं (सॉल्व्हंट) तर वीज वाहूनच नेत नाहीत, त्यामुळे ती मीटरला दिसतच नाहीत.

पिवळ्या रंगाची एक घरगुती पारख आहे. स्वच्छ काचेचा ग्लास भरून पांढऱ्या कागदावर २४ तास ठेवा. रंग लोहाचा असेल तर तांबूस गाळ तळाशी बसतो आणि वरचं पाणी निवळतं. गाळ न बसता पिवळेपणा तसाच राहिला, तर क्रोमियमचा किंवा रंगद्रव्यांचा संशय धरावा. क्रोमियमचा पिवळेपणा डोळ्यांना दिसू लागतो तो साधारण एक मिलिग्रॅमच्या आसपास, म्हणजे मर्यादेच्या वीसपटीला. तेव्हा पाणी नितळ दिसतं म्हणूनही निर्धास्त होऊ नका.

अहवाल हाती येईपर्यंत हे पाणी पिणं आणि त्यात स्वयंपाक करणं आजच थांबवा. डाळ-भातात मुरलेलं पाणी पोटातच जातं. खात्री करायला म्हणून चव घेऊ नका. औषधासारखा वास असलेलं पाणी बंद न्हाणीघरात कढत करून आंघोळ केली तर वाफेबरोबर द्रावकं श्वासात जातात, म्हणून आंघोळीलाही ते टाळलेलं बरं.

पाणी उकळून, तुरटी फिरवून, गाळून घेतलं तर चालेल का? आरओ बसवावा का?

उकळल्याने जंतू मरतात. धातू आणि क्षार जागच्या जागी राहतात, आणि पाणी आटल्यामुळे ते उलट दाट होतात. लिटरला ०.०८ मिलिग्रॅम क्रोमियम असलेलं पाच लिटर पाणी आटून चार लिटर झालं, तर त्याच पाण्यात ते ०.१० होतं. तान्ह्या बाळाची दुधाची पावडर अशा उकळलेल्या पाण्यात कालवू नका. दूषित पाण्यात नायट्रेटही बऱ्याचदा वाढलेलं असतं आणि बाळांना ते फार बाधतं.

तुरटी गढूळपणा खाली बसवते. विरघळलेल्या विषाचं ती फारसं काही करू शकत नाही. यूव्हीचा दिवा फक्त जंतूंसाठी असतो. ब्लीचिंग पावडरने इथे घोटाळा वाढतो : पाण्यात फिनॉल असेल तर क्लोरीनशी संयोग होऊन क्लोरोफिनॉल तयार होतं आणि दवाखान्यासारखा वास आणखी तीव्र होतो.

आरओ धातू आणि क्षार बऱ्यापैकी अडवतो, पण हिशोब करून बघा. मूळ पाण्यात एक मिलिग्रॅम क्रोमियम असेल आणि पडद्याने ९५ टक्के अडवलं, तरी खाली ०.०५ उरतं, म्हणजे बरोबर मर्यादेवर. पडदा जुना झाला की तेही राहत नाही. लहान रेणूंची द्रावकं पडद्यातून निसटतात. त्यांच्यासाठी सक्रिय कोळशाचं फिल्टर लागतं, पण कोळसा भरला की तो मुकाट्याने सगळं पुढे सोडू लागतो आणि ते वरून कळत नाही. म्हणून आधी तपासणी, मग यंत्र. आरओतून बाहेर पडणाऱ्या पाण्यात तीच घाण दाट झालेली असते. ते परसातल्या आळ्यात किंवा विहिरीच्या कडेला सोडू नका.

मी सरपंच आहे. आम्ही बाटली भरून प्रयोगशाळेत दिली आणि ‘पाणी पिण्यास योग्य’ असा अहवाल आला. पण पाणी हातावर घेतलं तरी खाज सुटते. चूक कुठे झाली?

बहुतेक दोन ठिकाणी : काय तपासायचं ते सांगितलं गेलं नसावं आणि बाटली भरण्याची रीत चुकली असावी. पुढचं सगळं या नमुन्यावर उभं राहतं, म्हणून सविस्तर लिहितो.

नेहमीच्या तपासणीत आणि गावातल्या तपासणी किटमध्ये सामू, गढूळपणा, कठीणपणा, क्लोराईड, लोह, नायट्रेट, फ्लोराईड अशा गोष्टी बघतात. कारखान्याचं विष त्यात सापडेलच असं नाही. आधी वरच्या अंगाला कोणते कारखाने आहेत ते लिहून काढा. धातूंना मुलामा देणारे (इलेक्ट्रोप्लेटिंग) असतील तर क्रोमियम (एकूण आणि सहासंयुजी, म्हणजे त्याचं जास्त विषारी रूप, वेगवेगळं), निकेल, कॅडमियम, जस्त, सायनाईड. रंग बनवणारे असतील तर सीओडी (पाण्यातली घाण रासायनिक रीतीने जाळायला किती ऑक्सिजन लागतो त्याचं माप), रंग, सल्फेट, क्लोराईड, ॲरोमॅटिक अमाईन्स. औषधांचे असतील तर बाष्पनशील द्रावकं, फिनॉल, सीओडी. डिस्टिलरी असेल तर सीओडी, रंग, पोटॅशियम, सल्फेट. सीओडी हे पिण्याच्या पाण्याच्या मानकात नाही, म्हणून प्रयोगशाळा आपणहून करत नाही. पण स्वच्छ भूजलात ते अगदी कमी असतं. वाढलं असेल तर बाहेरून काहीतरी शिरलंय हे समजतं.

प्रयोगशाळा एनएबीएलची (प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची) मान्यता असलेली निवडा, आणि ती मान्यता तुम्हाला हव्या त्या घटकासाठी आहे ना, हेही विचारा. बाटल्या त्यांच्याकडूनच मागवा. शीतपेयाची किंवा बिसलेरीची रिकामी बाटली चालत नाही.

बोअरमधलं पाणी नुसतं साठून राहिलेलं असतं; ते आधी उपसून टाकायचं. सहा इंची बोअरमध्ये एका मीटरला साधारण १८ लिटर पाणी मावतं. बोअर ६० मीटर खोल आणि पाणी १५ मीटरवर असेल तर ४५ मीटरचा स्तंभ, म्हणजे सुमारे ८१० लिटर. त्याच्या तिप्पट, २,४०० लिटर उपसायचं. मोटर मिनिटाला ६० लिटर देत असेल तर ४० मिनिटं. नमुना बोअरच्या तोंडाशीच घ्या, टाकीतून नको. टाकीत द्रावकं उडून जातात, धातू तळाच्या गाळात बसतात आणि वर ब्लीचिंग पडलेलं असतं.

आता बाटल्या. धातूंच्या बाटलीत प्रयोगशाळेने नायट्रिक ॲसिडचे थेंब घालून दिलेले असतात. आपल्याला सवय बाटली तीनदा विसळायची, आणि तिथेच ॲसिड वाहून जातं. मग धातू बाटलीच्या भिंतीला चिकटतात आणि अहवालात कमी दिसतात. ही बाटली विसळू नका, काठोकाठ भरून सांडू देऊ नका, हातमोजे घाला. सहासंयुजी क्रोमियमची बाटली वेगळी आणि बिनॲसिडची, २४ तासांत पोचवायची. सायनाईडच्या बाटलीत कॉस्टिक सोडा असतो. तिच्यात ॲसिड पडलं तर विषारी वायू सुटतो, म्हणून बुचांची अदलाबदल करू नका.

द्रावकांसाठी ४० मिलिलिटरची काचेची कुपी येते. धार बारीक करून ती तिरकी धरायची आणि काठावर पाण्याचा फुगवटा येईपर्यंत हळू भरायची. मग बूच घट्ट लावून उलटी करायची आणि बोटाने टिचकी मारायची. आत बुडबुडा वर सरकताना दिसला तर नमुना बाद, दुसरी कुपी भरायची. त्या बुडबुड्यात द्रावक जाऊन बसतं आणि बूच उघडताच उडून जातं.

सगळं बर्फाच्या पेटीत ठेवा, पण गोठू देऊ नका. सोबत दोन नमुने हवेतच : वसाहतीच्या वरच्या अंगाच्या, चांगल्या विहिरीचा एक, आणि जागेवर नेऊन उघडलेल्या डिस्टिल्ड पाण्याची एक कोरी बाटली. ‘प्रदूषण नैसर्गिक आहे’ किंवा ‘बाटलीच घाण होती’ या दोन्ही युक्तिवादांना त्यांनी उत्तर मिळतं.

अहवाल आला की ‘बीडीएल’ शब्दाकडे नीट बघा. त्याचा अर्थ, यंत्राला दिसलं नाही. शिशाची मर्यादा ०.०१ आणि यंत्राला ०.०५ च्या खालचं दिसतच नसेल, तर त्या बीडीएलला काही अर्थ नाही. दुसरीकडे तपासा.

माझी विहीर नासली, शेजाऱ्याची ऐंशी फुटांवर आहे ती चांगली. पावसाळ्यात माझंही पाणी निवळलं. आता वापरू का?

महाराष्ट्राच्या बऱ्याच भागात जमिनीखाली काळा पाषाण आहे. त्यात पाणी वाळूतल्यासारखं सगळीकडे सारखं झिरपत नाही. भेगांमधून, सांध्यांमधून आणि वरच्या मुरमातून वाट काढतं. तुमच्या विहिरीला लागलेला झरा दूषित भेगेवर असेल आणि शेजाऱ्याचा दुसऱ्या, तर असंच होतं. मात्र शेजाऱ्याने जोरात उपसा सुरू केला तर तीच घाण त्याच्याकडे ओढली जाऊ शकते. त्यालाही तपासायला सांगा.

पावसात पाणी पातळ होतं, घाण जात नाही. काही ठिकाणी पहिल्या पावसात आवारातला साचलेला गाळ धुऊन येतो आणि पाणी आधीपेक्षा बिघडतं. वर्षातून दोनदा, मे महिन्यात आणि पावसाळा संपल्यावर ऑक्टोबरमध्ये, तपासा. दोन्ही अहवाल सलग चांगले येईपर्यंत पिऊ नका. विहीर उपसून गाळ काढल्याने गुण येईल असं धरून खर्च करू नका. झऱ्यातून तेच पुन्हा येतं.

तक्रार कुठे करायची? आणि तोवर गावाने प्यायचं काय?

तोवरचं आधी. पिण्याला आणि स्वयंपाकाला माणशी १० लिटर धरा. ९०० वस्तीच्या गावाला ९,००० लिटर, म्हणजे १०,००० लिटरचा एक टँकर रोज. ग्रामपंचायतीचा ठराव अहवालासकट गटविकास अधिकारी आणि तहसीलदारांकडे द्या, पोच घ्या. दूषित स्रोताला लाल रंग लावून ‘पिण्यास अयोग्य’ असं मोठ्या अक्षरात लिहा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयाकडे वरच्या अंगाला पर्यायी स्रोत शोधून देण्याची लेखी मागणी करा.

प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या उपप्रादेशिक अधिकाऱ्यांना लिहिताना ‘पाणी खराब आहे’ एवढंच लिहू नका. तारीख, वेळ, विहिरीचा गट नंबर, नाल्यात कुठून पाणी येतं, अहवालातले आकडे हे सगळं घाला आणि संयुक्त पाहणी मागा. याला कारण आहे. कारखान्याच्या सांडपाण्याचा नमुना मंडळाच्या अधिकाऱ्याने १९७४ च्या जल कायद्याच्या कलम २१ प्रमाणे रीतसर घेतलेला असेल, तरच तो न्यायालयात टिकतो. तुमचा नमुना मंडळाला हलवण्यासाठी आहे. कलम ३३अ खाली मंडळ कारखाना बंद करण्याचा, त्याची वीज-पाणी तोडण्याचा आदेश देऊ शकतं. अर्जात या कलमाचा स्पष्ट उल्लेख करा. मंडळाने कारखान्याला दिलेल्या संमतीपत्राची प्रत माहिती अधिकारात मागवा. रोज किती सांडपाणी आणि ते कुठे सोडायचं, हे त्यात लिहिलेलं असतं.

राष्ट्रीय हरित लवादाचं पश्चिम विभागाचं पीठ पुण्यात आहे. तिथे पर्यावरणाच्या वादासाठी कारण घडल्यापासून सहा महिन्यांची मुदत आहे, भरपाई आणि पाणी-जमीन पूर्ववत करून मागण्यासाठी पाच वर्षांची. नुसत्या पत्रव्यवहारात सहा महिने निघून जातात आणि गावं इथेच हरतात. पहिल्या अहवालाची तारीख भिंतीवर लिहून ठेवा.

कारखाना बंद झाला. आता पाणी आपोआप सुधारेल ना? आणि भरपाई मिळते का?

राजस्थानात उदयपूरजवळ बिछडी नावाचं गाव आहे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस तिथे एच-ॲसिड हे रंगउद्योगात लागणारं रसायन बनवलं गेलं. उत्पादन फार काळ चाललं नाही, पण विषारी गाळाचे ढीग उघड्यावर टाकलेले होते. पाऊस त्यांच्यातून झिरपत राहिला आणि साठेक विहिरींचं पाणी काळपट होऊन पिण्याजोगं राहिलं नाही. नागपूरच्या ‘नीरी’ या पर्यावरण संशोधन संस्थेने तिथल्या जमिनीचा आणि पाण्याचा अभ्यास केला. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की घातक उद्योग करणाऱ्याने, पुरेशी काळजी घेतली होती की नाही हे न बघता, नुकसान भरून द्यायचं आणि जमीन-पाणी पूर्ववत करण्याचा खर्चही सोसायचा. हा खर्च ३७.३८५ कोटी रुपये धरला गेला. कंपन्या अर्जांवर अर्ज करत राहिल्या. २०११ मध्ये न्यायालयाने ती रक्कम १२ टक्के चक्रवाढ व्याजाने भरायला सांगितली.

भरपाईचा कायदा आपल्या बाजूने आहे, पण तोवर एक पिढी त्या पाण्यावर काढते. म्हणून मागणी करताना ‘कारखाना बंद करा’ इथे थांबू नका. आवारातला गाळ कुठे आहे, तो किती आहे, घातक कचऱ्याच्या अधिकृत विल्हेवाट केंद्रावर किती गेला आणि त्याच्या पावत्या कुठे आहेत, हे लेखी मागा. गाळ जमिनीत राहिला तर पाणी सुधारत नाही.

भंगारवाल्याकडून एमआयडीसीतलं निळं पिंप ३०० रुपयांत मिळतं. सोड्याने धुऊन पाणी साठवायला वापरलं तर?

वापरू नका. या प्लास्टिकच्या अंगात द्रावकं आणि तेलकट रसायनं मुरतात आणि साबणाने, सोड्याने, उन्हात ठेवून निघत नाहीत. पाणी भरलं की हळूहळू परत उतरतात, उन्हाळ्यात जास्त. कधी कधी बोअर चांगला असतो आणि वास पिंपाचा असतो. बोअरच्या तोंडाशी आणि पिंपात, दोन्हीकडचं पाणी तपासलं की ते कळतं. आधीपासून घरात असेल तर गुरांच्या पाण्यालाही ठेवू नका. तळाला भोक पाडा, म्हणजे दुसरं कोणी त्यात पाणी भरणार नाही.