घर सासऱ्यांचं, धूर बाळाच्या वाट्याला

प्रश्न : साताऱ्यात सदर बझारला दोन खोल्यांत आम्ही पाच जण राहतो. सासरे बिड्या ओढतात, नवरा सिगारेट, तेही घरातच. पावसाळ्यात खिडक्याही बंद. आठ महिन्यांच्या मुलीची छाती भरून दोनदा दवाखान्यात ठेवावं लागलं. काही बोललं की सासरे म्हणतात, "घर माझं आहे, जमत नसेल तर माहेरी जा." पोलिसांत तक्रार करता येईल का?

उत्तर : ताई, त्या वाटेनं हाती फारसं लागणार नाही. धूम्रपानबंदीचा २००३ चा कायदा हॉटेल, कचेरी, दवाखाना, एसटी अशा सार्वजनिक ठिकाणांपुरता आहे. दंडही २०० रुपयांपर्यंतच. राहतं घर त्यात येत नाही. ठाण्यातून 'घरगुती मामला' म्हणून परत पाठवतील आणि घरात मात्र 'पोलिसांत गेली' हे वर्षानुवर्षं ऐकावं लागेल.

तुम्हाला आधार आहे तो २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याचा. नुसती बिडी ओढणं म्हणजे हिंसाचार, असं मी म्हणणार नाही. पण त्या कायद्यातली व्याख्या मारहाणीवर थांबत नाही, आरोग्य धोक्यात आणणारं वागणंही तीत येतं. डॉक्टरांनी लिहून दिल्यावरही बाळाच्या उशाशी धूर करायचा आणि वर 'निघ' म्हणायचं, हे एकत्र मांडलं तर अर्जाला वजन येतं. म्हणून आधी मुलीच्या डॉक्टरांकडून 'घरात धूर नको' एवढं तारखेसह लिहून घ्या. ॲडमिट केल्याचे कागद जपून ठेवा. या कामात दहा साक्षीदारांपेक्षा ती चिठ्ठी मोलाची.

आता 'घर माझं' याबद्दल. सातबारा किंवा घरपट्टी सासऱ्यांच्या नावावर असली, तरी तुम्ही सून म्हणून तिथं नांदत असाल तर ते 'सामाईक घर' ठरू शकतं. सर्वोच्च न्यायालयानं २०२० साली सतीशचंद्र आहुजा प्रकरणात हे स्पष्ट केलं. कायद्याची रीत सोडून तुम्हाला बाहेर काढता येत नाही. मात्र हा हक्क अमर्याद नाही. म्हाताऱ्या सासू-सासऱ्यांची बाजूही कोर्ट बघतं. म्हणून मागणी मोजकी ठेवा. 'बिडी सोडा' म्हणू नका. साठीतल्या माणसाची सवय कोर्टाच्या हुकमानं सुटत नाही. 'घरात ओढू नका, बाहेर जा' एवढंच मागा. कलम १८ खाली मॅजिस्ट्रेट आदेशात असं ठरावीक कृत्य लिहून मनाई करू शकतात. ती मोडली तर १ वर्षापर्यंत कैद, २०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. दोन खोल्यांत ते जमणारच नसेल, तर कलम १९ खाली नवऱ्यानं वेगळी जागा घ्यावी किंवा भाडं द्यावं, असंही मागता येतं. खरं सांगायचं तर मला हीच मागणी जास्त व्यवहाराची वाटते.

पण लगेच अर्ज टाकू नका. जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात जा. महिलांना तिथं वकील मोफत मिळतो, उत्पन्नाची अट नाही. आधी समेटासाठी नवऱ्याला बोलावून घ्यायला सांगा. वडिलांना तोंडावर बोलायची हिंमत नसलेली मुलं तिथं बऱ्याचदा बोलती होतात.

पावसाळ्यापुरतं माहेरी जायचं असेल तर खुशाल जा, तेवढ्यानं राहण्याचा हक्क जात नाही. फक्त निघताना नवऱ्याला व्हॉट्सॲपवर लिहा : 'डॉक्टरांनी धुरापासून लांब ठेवायला सांगितलंय म्हणून मुलीला घेऊन जाते आहे, घरात धूर बंद झाला की परत येते.' तो मेसेज पुसू नका.