भुईचाफ्याला हिवाळ्यात पाणी नको

प्रश्न : काकू, अंगणात लिंबाच्या सावलीत दोन वर्षांपूर्वी भुईचाफ्याचे चार कंद लावले. पावसाळ्यात पानं भरपूर येतात, फूल मात्र एकदाही आलं नाही. दिवाळीनंतर पानं वाळायला लागतात म्हणून रोज तांब्याभर पाणी घालते. संक्रांतीला उकरून पाहिलं तर दोन कंद कुजून मऊ पडलेले. उरलेले वाचतील का?
— एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : वाचतील. आधी ते तांब्याभर पाणी थांबवा. भुईचाफा आलं-हळदीच्या कुळातला, पानगळीच्या रानातला. हळदीचा पाला वाळल्यावर कुणी पाणी देत बसतं का? त्यातून आपली काळी माती. वरून भेगाळलेली दिसली तरी वीतभर खाली ओल धरून असते आणि झोपलेला कंद त्या ओलीतच सडतो. माझे पहिले कंद असेच गेले. पुढे एका फेब्रुवारीत जागा रिकामी समजून मेथी टाकायला मी खुरपं चालवलं आणि वर येऊ घातलेले कोंबच तुटले. फार जीव हळहळला. तेव्हापासून त्या जागेभोवती विटांचे तुकडे रोवून ठेवते.

उरलेले दोन कंद हलक्या हातानं काढा. खाली मुळांना शेंगदाण्याएवढ्या गाठी लोंबताना दिसतील. कंदाचा साठा त्यांच्यात असतो, त्या तोडू नका. मऊ भाग घट्ट गर लागेपर्यंत कापून टाका, कापल्या जागी चुलीतली राख चोळा आणि चार दिवस सावलीत सुकू द्या. मग वीतभर उंचवटा करून दोन इंच खोल लावा. मातीत जाड वाळू, जुनं शेणखत आणि कुजलेला पालापाचोळा सढळ हातानं मिसळा. लिंबाच्या बुंध्याला चिकटून लावले असतील तर तिथून हलवा. झाडाची मुळं सगळं ओढून घेतात, आणि इतक्या दाट सावलीत कंद फुलण्याएवढा पोसत नाही. सकाळचं कोवळं ऊन तास-दोन तास मिळावं. पश्चिमेचं ऊन नकोच, आपल्याकडच्या उन्हात पानांच्या कडा करपतात.

होळीपर्यंत तसेच कोरडे राहू द्या, मग अधूनमधून शिंपण करा. फुलं येतात ती मार्च ते मे या दिवसांत, पानांच्या आधी. पान नाही, फांदी नाही, मातीला बारीक तडा जातो आणि थेट भुईतूनच कळी वर येते. पांढऱ्या लांबट पाकळ्या, मध्ये जांभळी दुभंगलेली पाकळी, आणि वाकून नाक जवळ नेलं की मंद गोड वास. एक फूल जेमतेम दिवसभर टिकतं, पण त्याच कंदातून पाठोपाठ आणखी येतात.

यंदा नाही आलं तर निराश होऊ नका, कंद अशक्त झालेत. पावसाळ्यात पानं चांगली पोसू द्या, आणि ती आपोआप पिवळी पडून वाळेपर्यंत कापू नका.