घरातल्या लांब पायांच्या कोळ्यांपासून लहान बाळाला धोका असतो का?

ताई, तुम्ही लिहिलंय की नेरुळच्या जुन्या सिडको इमारतीत घर आहे, बाथरूमच्या छताला आणि माळ्याच्या कोपऱ्यात लांब पायांचे कोळी लटकलेले असतात. त्यात व्हॉट्सॲपवर मेसेज आला की हा जगातला सगळ्यात विषारी कोळी, फक्त दात आखूड म्हणून माणसं वाचतात. आठ महिन्यांच्या बाळाच्या मानेवर लाल चट्टा उठलाय, सासूबाई म्हणतात कोळी फिरला, आणि रविवारी सोसायटीचा पेस्ट कंट्रोलवाला येणार आहे.

कोळ्यांपुरतं सांगायचं तर धोका नाही. तुम्हाला नाही आणि बाळालाही नाही. बाळाच्या खोलीत या कोळ्यांसाठी फवारणी करून घेऊ नका. चट्टा मात्र डॉक्टरांना दाखवा. त्याचं कारण बहुतेक वेगळंच असणार, त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिते.

मी ठाण्यात ज्युनिअर कॉलेजला प्राणिशास्त्र शिकवते. हाच मेसेज मुलं दरवर्षी मला दाखवतात, आणि त्यातलं एकही वाक्य खरं नाही. या कोळ्यांचं कुळ फोल्सिडी. आपल्याकडच्या घरांत त्यातली क्रॉसोप्रायझा लायोनी ही जात सर्रास दिसते. जेमतेम काही मिलिमीटरचं राखाडी शरीर, बाजूने पाहिलं तर पोटाच्या मागच्या टोकाला वर आलेलं टोक, आणि शरीराच्या कितीतरी पट लांब, केसासारखे बारीक पाय. त्यांना विष असतं, पण ते जवळजवळ सगळ्याच कोळ्यांना असतं, त्याशिवाय त्यांना किडे मारता येणार नाहीत. या कुळाच्या विषाची तपासणी झालेली आहे आणि ते सौम्यच निघालं. दात आखूड असल्याने कातडीत शिरतच नाहीत, हेही खोटं. २००४ मध्ये ‘मिथबस्टर्स’ या अमेरिकन टीव्ही कार्यक्रमात ॲडम सॅव्हेजने मुद्दाम असा कोळी हाताला चावू दिला. चावा बसला, थोडी जळजळ झाली आणि लगेच थांबली. एरवी तो माणसाला चावायला येत नाही. जाळ्यातच उलटा लटकून राहतो, अंथरुणात किंवा कपड्यांत शिरत नाही.

ही अफवा आली कुठून, तर बहुधा याच्या शिकारीच्या पद्धतीवरून. हे कोळी दुसरे कोळी खातात. ऑस्ट्रेलियात तर रेडबॅक नावाच्या खरोखर विषारी कोळ्यालाही मारतात. मग लोकांनी हिशोब मांडला की विषारी प्राण्याला मारणारा त्याहून विषारी असणार. प्रत्यक्षात तो मारतो ते पायांच्या जोरावर. शिकार जाळ्यात अडकली की शरीर लांब ठेवून मागच्या पायांनी तिच्यावर धागा फेकत राहतो, तिला पुरती गुंडाळतो आणि मग कुठे चावतो. समोरच्याचे दात त्याच्यापर्यंत पोचतच नाहीत.

एकदा बाथरूममधल्या कोळ्यावर हलकी फुंकर मारून बघा. तो पळत नाही. जागच्या जागी इतक्या वेगाने गरगरतो की त्याचं शरीर धूसर दिसायला लागतं. लोकांना वाटतं अंगावर येतोय. तो फक्त शत्रूला नेम धरता येऊ नये म्हणून हलत असतो. मादी दिसली तर तोंडाजवळ नीट बघा. खसखशीसारख्या अंड्यांचा घोस ती दोन-चार धाग्यांत बांधून तोंडात धरून ठेवते आणि पिल्लं बाहेर येईपर्यंत सोडत नाही. माझ्या वर्गातल्या कोळ्यांना घाबरणाऱ्या मुलीसुद्धा भिंग लावून हे बघताना हात मागे घेत नाहीत.

शिवाय हा डास खातो. थायलंडमध्ये याच जातीचा अभ्यास झाला तो एडिस इजिप्ती डास पकडते म्हणून, म्हणजे डेंग्यू पसरवणारा डास. अर्थात कोळ्यांच्या भरवशावर डेंग्यू टळत नाही. कुंड्यांखालच्या ताटल्या, फ्रिजच्या मागचा ट्रे आणि पिंप दर आठवड्याला रिकामे करून घासायलाच हवेत.

परदेशी लेखांत या कोळ्याला ‘डॅडी लाँगलेग्ज’ म्हणतात, पण त्याच नावाने आणखी दोन प्राणी येतात आणि त्यातून गोंधळ वाढतो. एक म्हणजे हार्वेस्टमन. तो कोळी नाहीच. त्याचं शरीर एकसंध गोळीसारखं, त्याला विषग्रंथी नाहीत आणि जाळंही विणता येत नाही. सह्याद्रीतल्या ओल्या रानात दगडाखाली सापडतो, फ्लॅटमध्ये नाही. दुसरी म्हणजे पावसाळ्यात दिव्यावर येणारी, मोठ्या डासासारखी दिसणारी लांब पायांची माशी. तीही चावत नाही.

आता चट्ट्याबद्दल. अंगावर कोळी फिरला की फोड येतात हे आपल्याकडे घरोघरी सांगतात, त्यामुळे सासूबाईंना तसं वाटणं साहजिक आहे. पण पावसाळ्यात रात्री झोपताना काही नसतं आणि मग मानेवर किंवा गालावर जळजळणारा लाल पट्टा उठतो, त्यावर बारीक फोड येतात, तेव्हा बऱ्याचदा कारण असतं पेडेरस नावाचा छोटा भुंगा. सेंटीमीटरपेक्षा लहान, अंगावर नारिंगी-काळे पट्टे, लांबट, पहिल्या नजरेत मुंगीच वाटते. ओल्या जमिनीत, गवतात वाढतो आणि रात्री ट्यूबलाइटकडे येतो. नवी मुंबईत खाडी आणि ओली जमीन जवळच आहे, त्यामुळे पावसाळ्यात खिडकी उघडी ठेवून दिवा लावला की तो आत येऊ शकतो. तो चावत नाही, डंखही मारत नाही. आपण झोपेत मानेवर हात फिरवतो, तो चिरडला जातो आणि त्याच्या अंगातलं पेडेरिन नावाचं द्रव्य कातडीला लागतं. चट्टा लगेच दिसत नाही, एक-दोन दिवसांनी उठतो. तोपर्यंत भुंगा कुणाच्या लक्षात राहत नाही, आणि छताकडे बघितलं की कोळी दिसतो. बिचाऱ्यावर आळ येतो तो असा.

तुमच्या बाळाला हेच झालंय असं मी फोटोही न बघता म्हणणार नाही. आठ महिन्यांच्या मुलाला घामोळं, डासाचा चावा किंवा लाळेमुळे होणारं पुरळही होऊ शकतं. पण डॉक्टरांना दाखवेपर्यंत चट्टा साबण-पाण्याने हलक्या हाताने धुवा, चोळू नका, हळद-चुना किंवा टूथपेस्ट लावू नका. बाळाचे हातही धुवा, कारण ते द्रव्य बोटांवरून डोळ्यात गेलं तर डोळा सुजतो. असा भुंगा अंगावर दिसलाच तर मारू नका, फुंकर मारून किंवा कागदावर घेऊन बाजूला करा. संध्याकाळी खिडक्यांना जाळी, बाळाला मच्छरदाणी आणि झोपताना दिवा बंद, एवढं केलं तरी बराच फरक पडेल.

आपल्या देशात त्रासदायक कोळी आहेत, नाही असं नाही. ब्लॅक विडो या विषारी कोळ्याच्या नात्यातल्या काही जाती आहेत, आणि झाडांच्या ढोलीत राहणारे मोठे केसाळ कोळी चावले तर खूप दुखतं. पण बाथरूमच्या छताला उलटा लटकलेला, गरगरणारा काडीसारखा कोळी त्यांच्यातला नाही.

जळमटं नको असतील तर लांब दांड्याच्या झाडूने काढा, आठवड्यातून एकदा पुरे. ती चिकट नसतात, धूळ धरतात म्हणून काळी दिसतात. पेस्ट कंट्रोलवाल्याला स्वयंपाकघरात झुरळांसाठी जेल लावायला सांगा आणि बेडरूम, बाथरूम सोडायला सांगा. रांगणारं बाळ फरशीवर हात टेकतं आणि तेच हात तोंडात घालतं, म्हणून माझा आग्रह आहे.

चट्टा पसरत असेल, पू धरत असेल, डोळ्याजवळ आला असेल किंवा बाळाला ताप असेल, तर रविवारची वाट बघू नका, आजच बालरोगतज्ज्ञांकडे न्या.