आक्रमण, कारवाई की मुक्ती?

एका वाचकाने विचारलं आहे : "इराकमधल्या २००३ च्या अमेरिकी युद्धाला कोणी 'आक्रमण' म्हणतं, कोणी 'लष्करी कारवाई', कोणी 'मुक्ती'. यातला बाजू न घेणारा शब्द कोणता? आणि नेशन-बिल्डिंगला 'राष्ट्रउभारणी' म्हणावं की 'राष्ट्रबांधणी'?"

पहिल्या भागाला माझं उत्तर 'आक्रमण'. परक्या मुलखात तिथल्या सरकारच्या संमतीविना फौज घुसवली की ते आक्रमण झालं. ते योग्य होतं का, हा त्यापुढचा प्रश्न. त्यामुळे युद्धाच्या समर्थकालाही हा शब्द वापरता येतो. 'कारवाई'चं तसं नाही. कारवाई पोलीस करतात, महापालिकेचं पथक करतं, म्हणजे ज्याला अधिकार आहे तो करतो. इराकबाबत वाद होता तो याच अधिकाराचा. सुरक्षा परिषदेने या युद्धाला स्पष्ट मंजुरी दिलेली नव्हती आणि ज्या महासंहारक शस्त्रांचं कारण पुढे केलं, ती सापडलीच नाहीत. माझ्या मते हे युद्ध समर्थनीय नव्हतंच, पण ते मत मी 'आक्रमण' या शब्दात कोंबत नाही.

'मुक्ती' जपून वापरावा. सद्दामच्या राजवटीने १९८८ साली इराकमधल्या हलब्जा या कुर्दांच्या शहरात विषारी वायू सोडून हजारो कुर्दांचा जीव घेतला. तिथला कुर्द २००३ ला मुक्ती म्हणाला, तर त्याला खोडून काढायचा आपल्याला काय हक्क? फौज पाठवणाऱ्यानेच मोहिमेच्या नावात 'इराकी स्वातंत्र्य' घालावं, हा मात्र प्रचार झाला.

मराठीत या दोन बाजूंना वेगवेगळे शब्द आहेत. 'स्वारी', 'मोहीम' हे जाणाऱ्याचे. ज्याच्यावर गुदरतं त्याचा शब्द 'परचक्र'. स्वारी करतात, मोहीम काढतात, परचक्र येतं. नागपूरकर भोसल्यांच्या 'बंगालवरील स्वाऱ्या' आपण अभिमानाने वाचतो. १७४२ पासून जवळपास दहा वर्षं ज्यांनी त्या सोसल्या, त्या बंगाल्यांनी आपल्या 'बारगीर'चा, म्हणजे सरकारी घोड्यावरच्या स्वाराचा, 'बर्गी' केला आणि त्याचं भय अंगाईत घातलं. इराकबद्दल लिहिताना हे आठवलं की 'मोहीम' शब्द सहजी हातून उतरत नाही.

याच युद्धावर एप्रिल २००३ मध्ये आपल्या लोकसभेने ठराव केला. अध्यक्ष होते मनोहर जोशी. विरोधकांना इंग्रजीतला 'कंडेम' हवा होता, सरकारला सौम्य 'डिप्लोर'. अखेर हिंदी 'निंदा'वर एकमत झालं, कारण ज्याला जो अर्थ हवा तो त्यात सापडत होता. मराठीत तो जसाच्या तसा उचलू नये. आपल्याकडे निंदा म्हणजे पाठीमागे नावं ठेवणं, निंदानालस्ती. 'निषेध' म्हणायचं असेल तर निषेध म्हणावं.

आता राष्ट्रउभारणी. 'बांधणी' आणि 'उभारणी' दोन्ही शब्द बरोबर आहेत, हवा तो घ्या. माझी हरकत कर्त्याला आहे. स्वातंत्र्यानंतर आपण धरणं, कारखाने, विद्यापीठं उभी केली त्याला राष्ट्रउभारणी म्हटलं, कारण राबणारे आणि ठरवणारे इथलेच होते. बगदादमध्ये मे २००३ ला अमेरिकेने नेमलेल्या पॉल ब्रेमर यांच्या हंगामी प्रशासनाने पहिल्या आदेशाने सद्दामच्या बाथ पक्षाच्या वरच्या थरातल्या सभासदांना सरकारी सेवेतून काढलं; त्यात शाळामास्तरही गेले. दुसऱ्या आदेशाने सैन्यच बरखास्त केलं. बंदूक चालवायला शिकलेले लाखो लोक एका सहीने बेकार झाले आणि त्यातले कित्येक पुढे बंडखोरांना मिळाले. याला उभारणी कसं म्हणायचं? परक्या सत्तेच्या अशा कामाला 'शासनाची फेररचना' म्हणावं आणि राष्ट्रउभारणी हा शब्द इराकी लोक स्वतः जे करतील त्यासाठी राखून ठेवावा.

ओघाने आलं म्हणून आणखी एक. त्याच महिन्यात सुरक्षा परिषदेच्या ठराव १४८३ ने अमेरिका आणि ब्रिटन यांना 'ऑक्युपाइंग पॉवर्स' म्हटलं. त्यासाठी 'ताबेदार सत्ता' लिहिण्याचा मोह होतो, पण मराठीत ताबेदार म्हणजे हुकमाचा बंदा, म्हणजे अर्थ पार उलटा होतो. 'कब्जेदार सत्ता' लिहा. जमिनीच्या दप्तरामुळे तो शब्द गावोगावी कळतो.