शेजारच्या खुर्चीतला माणूस

या पंधरवड्यात आलेल्या पत्रांपैकी निम्मी असिस्टंट कोचबद्दल आहेत. एरवी लोक गोल, पेनल्टी आणि कोण किती कोटींना विकला गेला एवढंच विचारतात. बेंचवरच्या दुसऱ्या खुर्चीकडे कोणाचं लक्ष गेलं, याचं बरं वाटलं. माझी अकरा वर्षं त्याच खुर्चीत गेली आहेत.

प्रश्न : सर, मी मँचेस्टर सिटीचा फॅन आहे. २०२५ च्या उन्हाळ्यात पेप गार्डिओलाने एकदम तीन असिस्टंट बदलले. हेड कोच तोच, खेळाडू बरेचसे तेच. मग असिस्टंट बदलून खेळ बदलतो का? मित्र म्हणतात, हा नुसता देखावा आहे. (भुसावळ)

देखावा नाही. पण असा बदल झाला की आपण लगेच ‘कोण आलं’ ते शोधतो. आधी ‘कोण गेलं’ ते बघायचं.

गेले ते हुआन्मा लिलो, कार्लोस विसेन्स आणि इनिगो डोमिंगेझ. लिलो हे पेपचे जवळजवळ गुरूच. खेळाडू म्हणून कारकीर्द संपत आली तेव्हा पेप मेक्सिकोतल्या दोरादोस क्लबात गेला, तो लिलोंच्या हाताखाली खेळायला. असा माणूस शेजारी बसलेला असला की हेड कोचला ‘हे चुकतंय’ म्हणणारं कोणीतरी असतं. विसेन्सकडे कॉर्नर आणि फ्री किकचं खातं होतं. तो पोर्तुगालच्या ब्रागाचा हेड कोच झाला. म्हणजे एक जुना सल्लागार गेला आणि एक चालतं खातं रिकामं झालं.

आता आले कोण ते बघ. पेप लाइंडर्स म्हणजे लिव्हरपूलचा तेव्हाचा हेड कोच यर्गन क्लॉप याचा उजवा हात, ज्या लिव्हरपूलने सिटीला वर्षानुवर्षं घाम फोडला तिथला. आणि कोलो टुरे, सिटीचाच जुना डिफेंडर, २०१२ ची इंग्लंडची लीग जिंकलेल्या संघातला. २०२१ ते २०२४ सलग चार वेळा लीग जिंकून पुढच्याच हंगामात संघ तिसरा येतो, तेव्हा समोरच्याच्या घरातला माणूस आपल्या घरात आणण्यामागचा हिशोब उघड आहे : बॉल गेल्यावर तो परत कसा हिसकावायचा, हे ज्याने रोज शिकवलं त्याला आणा.

म्हणून रात्री जागून मॅच बघशील तेव्हा गोलकडे बघू नकोस. सिटीचा बॉल गेला की मनात एक ते सहा आकडे मोज. त्या सहा आकड्यांत जवळचे तीन खेळाडू कुठे धावतात, पुढे की मागे, ते बघ. पेपचा क्लॉप होणार नाही, पण नवा असिस्टंट आठवडाभर काय घोकून घेतोय ते तिथे दिसतं.

प्रश्न : भाऊ, हाऊ असिस्टंट कोच करस तरी काय? टीव्हीवर तर तो नुसता वहीत लिहिताना नाहीतर पाण्याची बाटली हातात घेऊन उभा दिसतो. (धुळे तालुका)

भाऊ, मलाही पहिल्या वर्षी हाच प्रश्न पडला होता.

मोठ्या क्लबात कामाची वाटणी असते. एकाकडे डिफेन्स, एकाकडे अटॅक, गोलकीपरचा कोच वेगळा, फिटनेसचा वेगळा, समोरच्या संघाच्या मॅचचे तुकडे कापून दाखवणारा व्हिडिओ अ‍ॅनालिस्ट वेगळा. मैदानावरची प्रॅक्टिस पुष्कळ ठिकाणी असिस्टंटच चालवतो आणि हेड कोच कडेला उभा राहून बघतो. मँचेस्टर युनायटेडचे गाजलेले हेड कोच अ‍ॅलेक्स फर्ग्युसन यांनी स्वतः सांगितलंय की स्कॉटलंडमध्ये अ‍ॅबर्डीनला असताना सगळी प्रॅक्टिस तेच घ्यायचे. त्यांच्या असिस्टंटने एक दिवस तोंडावर विचारलं, मग मला आणलंत कशाला? आधी ते ऐकेनात. पण शिट्टी दुसऱ्याच्या हाती दिल्यावर त्यांच्या लक्षात आलं की बाहेरून बघताना जास्त दिसतं. कोण थकलाय, कोणाचा सूर बिघडलाय, कोण दुखणं लपवतोय.

हे झालं साहेबी काम. आपल्याकडचं सांगतो. जिल्ह्याच्या संघाबरोबर मी असिस्टंट होतो. मे महिना, जळगावचं ऊन. प्रॅक्टिस सकाळी सहाला, कारण नऊनंतर मैदानावर उभं राहवत नाही. आमचा लेफ्ट बॅक, म्हणजे डावीकडचा डिफेंडर, बॉल गेला की मागे पळायच्या आधी एक क्षण थांबून खाली बघायचा. हेड कोच रोज ओरडायचे, आळशी आहेस, बाहेर बसवीन. पोरगा मान खाली घालून ऐकायचा. चौथ्या दिवशी प्रॅक्टिसचे प्लास्टिकचे कोन गोळा करता करता मी त्याच्याशेजारी बसलो. तो लेस सोडत होता. बूट काढला तसा पुढच्या टोकातून पांढरा बोळा बाहेर आला. घरचाच कापूस, सरकीसकट. मोठ्या भावाचे बूट होते, दोन नंबर मोठे. वळताना पाय आत सरकायचा, म्हणून आधी पाऊल जमवून मग पळायचं, अशी त्याने सवय लावून घेतली होती. हेड कोचना सांगायची लाज वाटली. मला मात्र त्याने सहज सांगितलं. संध्याकाळी दुसऱ्या एका पोराचे जुने बूट मिळाले आणि आळस गेला.

हेड कोच वाईट नव्हते. पण संघात कोणाला घ्यायचं ते ज्याच्या हातात असतं, त्याच्यापुढे खेळाडू अर्धंच बोलतो. उरलेलं अर्धं ऐकायला दुसरी खुर्ची लागते. चांगला असिस्टंट निघून गेला की वहीतले डावपेच राहतात. हे ऐकलेलं मात्र त्याच्याबरोबर जातं.

प्रश्न : नवा हेड कोच आला की जुन्या सगळ्या स्टाफला नारळ का देतात? (जळगाव)

भरवसा, दुसरं काय. पहिल्या तीन महिन्यांत निकाल लागले नाहीत तर नोकरी जाते. अशा वेळी माणूस आपल्या ओळखीचीच माणसं जवळ ठेवतो. तो काय म्हणतो ते अर्ध्या शब्दात कळणारी.

पण याची किंमत असते. २०१३ साली फर्ग्युसन निवृत्त झाले, तेव्हा मँचेस्टर युनायटेड चॅम्पियन होतं. डेव्हिड मॉयेस आले आणि माइक फेलन, रेने म्यूलेनस्टीन, गोलकीपर कोच एरिक स्टील ही जुनी फळी गेली. मॉयेसनी एव्हर्टनमधली आपली माणसं आणली. संघ सातवा आला आणि हंगाम संपायच्या आधीच, एप्रिल २०१४ मध्ये, मॉयेसही गेले. सगळं त्या एका निर्णयामुळे झालं असं मी म्हणणार नाही, संघ म्हातारा झाला होता. पण कोणी जिनिंग विकत घ्यावी आणि पहिल्याच दिवशी जुन्या मुनीमाला घरी पाठवावं, तसं ते होतं. कोणाच्या गाडीत कापूस पाणी मारून येतो, हे आता सांगणार कोण?

उलटंही होतं. आर्ने स्लॉट २०२४ मध्ये लिव्हरपूलचे हेड कोच म्हणून आले, असिस्टंट सिप्के हुल्सहॉफला बरोबर घेऊन आले, दुसरा असिस्टंट जॉन हेटिंगाही आला, आणि पहिल्याच वर्षी लीग जिंकली. पुढच्या उन्हाळ्यात हेटिंगा आयॅक्सचा हेड कोच होऊन गेला, त्याच्या जागी जिओव्हानी व्हॅन ब्रॉन्कहोर्स्ट आला. तेव्हा सगळे बदलले म्हणून संघ बुडतो असा काही नियम नाही. माझं मत विचाराल तर गोलकीपर कोच आणि फिजिओ यांना निदान एक हंगाम हात लावू नये.

प्रश्न : असिस्टंट चांगला असेल तर त्यालाच हेड कोच का करत नाहीत? (चाळीसगाव)

करतात की. हान्सी फ्लिक २०१४ चा वर्ल्ड कप जिंकलेल्या जर्मनीचे असिस्टंट होते. बायर्न म्युनिकलाही असिस्टंट म्हणूनच आले, नोव्हेंबर २०१९ मध्ये वरची खुर्ची मिळाली आणि २०२० मध्ये लीग, जर्मन कप, आणि युरोपातल्या क्लबांची चॅम्पियन्स लीग तिन्ही घेऊन गेले. मिकेल आर्टेटा पेपच्या शेजारून उठून आर्सेनलला गेला.

आपल्या देशातलीही नावं आहेत, ती लोकांना माहीत नसतात. खालिद जमील नॉर्थईस्ट युनायटेडचे असिस्टंट होते. २०२१ च्या सुरुवातीला हेड कोच गेल्यावर त्यांनी संघ हाती घेतला आणि प्लेऑफपर्यंत नेला. ऑगस्ट २०२५ मध्ये ते भारताचे हेड कोच झाले. क्लिफर्ड मिरांडाने ओडिशा एफसीला २०२३ चा सुपर कप असाच हंगामी कोच म्हणून जिंकून दिला. आणि त्याच वर्षी बंगळूरूला दक्षिण आशियाई देशांच्या सॅफ स्पर्धेत भारताचे तेव्हाचे हेड कोच स्टिमाच रेड कार्ड घेऊन बाहेर बसले, तेव्हा सेमीफायनल आणि फायनलला मैदानाच्या कडेला उभा होता असिस्टंट महेश गवळी. कुवेतला पेनल्टीवर हरवून कप आपण घेतला.

तरी प्रत्येकाला ते झेपत नाही. वर ज्याचं कौतुक केलं तो लाइंडर्स हेड कोच म्हणून दोनदा पडला, नेदरलँड्समधल्या नायमेगनला आणि ऑस्ट्रियातल्या साल्झबर्गला. काल ज्याच्या खांद्यावर हात ठेवला त्याला आज संघातून काढायचं, हे काम वेगळंच आहे. मी ते दोन वर्षं केलं, मला जमलं नाही.

प्रश्न : आमच्या संघाचा असिस्टंट स्पर्धेच्या आठ दिवस आधी हेड कोचशी भांडून निघून गेला. पोरं हादरलीत. नवा माणूस शोधावा का? (रावेर)

नको. आठ दिवसांत नव्या माणसाला पोरांची नावंसुद्धा पाठ होणार नाहीत.

एप्रिल २०१८ मध्ये क्लॉपचा सतरा वर्षांचा जोडीदार झेल्को बुवाच अचानक बाजूला झाला, तोही चॅम्पियन्स लीगच्या सेमीफायनलच्या दुसऱ्या मॅचच्या तोंडावर. त्याला क्लॉप संघाचा मेंदू म्हणायचा. लिव्हरपूलने धावपळ करून कोणाला आणलं नाही. दुसरा असिस्टंट पीटर क्राविट्झ होताच, तो आणि बाकीचे कामाला लागले; रोममध्ये ४-२ ने हरूनही दोन्ही मॅच मिळून ७-६ ने संघ फायनलला गेला. फायनल हरले, पण उन्हाळ्यात लाइंडर्सला परत बोलावून घडी नीट बसवली आणि २०१९ चा कप जिंकला.

तुम्ही एवढं करा. गेलेला माणूस नेमकं काय काय करायचा ते पोरांनाच विचारा. वॉर्म-अप कोण घ्यायचं, कॉर्नरला कोण कोणाला धरणार हे कोण सांगायचं, बदली खेळाडूला उतरण्याआधी कोण समजावायचं. वॉर्म-अप कॅप्टनला द्या, कॉर्नर जुन्याजाणत्या डिफेंडरला. नवं काहीही शिकवू नका. आणि भांडणाबद्दल हेड कोचनी पोरांपुढे दोन वाक्यांत बोलून विषय संपवावा; न बोलता राहिलं तर केळीच्या घडासारखं आतून पिकत जातं.

प्रश्न : लिव्हरपूलने म्हणे थ्रो-इन (कडेबाहेर गेलेला बॉल हातांनी आत फेकणं) शिकवायला वेगळा कोच ठेवला होता. पैसे फार झाले की असं सुचतं का? (अमळनेर)

थॉमस ग्रोनेमार्क, डेन्मार्कचा, २०१८ मध्ये आला. क्रिकेटमध्ये फिल्डिंगचा कोच तुम्हाला चालतो, मग इथे हसू का? एका मॅचमध्ये चाळीस-पन्नास थ्रो-इन होतात. तुमच्या तालुक्याची मॅच बघा, निम्मे थ्रो सरळ समोरच्याच्या पायात जातात. फुकटात सुधारण्यासारखी गोष्ट आहे.

प्रश्न : मी शाळेत क्रीडाशिक्षक आहे. असिस्टंट म्हणून पुढे जायचं तर कोणतं लायसन्स लागतं? (शहादा)

भारतीय फुटबॉल महासंघाचं डी लायसन्स घ्या. आपल्या राज्यात त्यासाठी वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशनच्या कोर्सवर लक्ष ठेवा. पुढे सी, बी, ए आणि सर्वांत वर प्रो. गोलकीपर कोचची शिडी वेगळी. शाळांच्या सुब्रोतो कप स्पर्धेला शाळेचा संघ नेत असाल तर तो अनुभव मोठा आहे.

प्रश्न : बेंचवरून कोणीतरी पंचाला शिवी घातली, आणि पिवळं कार्ड मिळालं आमच्या हेड कोचना. हा कुठला न्याय? (यावल)

नियमातलाच. २०१९ पासून कोच आणि स्टाफलाही कार्ड दाखवता येतं. बोलणारा नेमका कोण ते कळलं नाही, तर तिथे हजर असलेल्या सर्वांत वरिष्ठ कोचच्या नावावर ते जातं. आखलेल्या चौकोनातून सूचनाही एका वेळी एकानेच द्यायच्या असतात.

खरा घोळ वेगळाच. आपल्याकडे त्या बेंचवर हेड कोच, असिस्टंट, सात बदली खेळाडू, जर्सी देणाऱ्याचा पुतण्या, दोन माजी नगरसेवक आणि कोणाचा तरी मेहुणा बसतो. पुढच्या वेळी उद्घाटनाचा नारळ फुटला की त्यांना मंडपात नेऊन बसवा. चहा तसाही तिथेच येतो.